तोरसकर सरांची खाकी पट्टी

तोरसकर सरांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसे. फळ्यावर लिहायचं झालं तर खडू होता आणि कागदावर लिहायचं झालं तर ते माझं पेन घेत. त्यांच्या खिशात कापडाची एक पट्टी असे. चार बोटं रुंद, वीतभर लांब, चारी कडांना काजाची शिलाई घातलेली, खाकी. एका कोपऱ्यात शाळेचा जांभळा शिक्का होता. त्यावर काय लिहिलंय हे ज्याला आधीपासून माहीत होतं त्यालाच तो वाचता येई.

रोज सकाळी साडेदहाला सर ही पट्टी घेऊन शाळेच्या फाटकात उभे राहत. मूल आलं की ते म्हणत, "हात लांब कर. फीर." मूल हात पसरून स्वतःभोवती एक गिरकी घेई. सर पट्टी त्याच्या चड्डीला, मुलगी असेल तर परकराला लावत, डोळे बारीक करत आणि निकाल देत. मूल आत जाणार असेल तर निकाल नेहमी एकाच शब्दाने सुरू होई.

"जुळता, पण गुंडी खंय गेली?"

"जुळता, पण दोरो पांढरो कित्याक?"

"जुळता, पण बापाशीक सांग, पुढच्या वर्षी ही चड्डी धाकट्याक. तुझे ढोपर भायर इले."

नुसतं 'जुळता' असं त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. आठवी ब मधल्या पोरांनी यावर पैजा लावल्या होत्या. एकही पैज कुणी जिंकलं नाही.

सर इन्सुलीकडचे. समुद्र त्यांनी नोकरी लागल्यावर पाहिला. इन्सुलीला तपासणी नाका आहे, गोव्याहून येणारी प्रत्येक गाडी तिथे थांबते, आणि लहानपणी शाळेत जाता येता सरांनी ते थांबवणं रोज पाहिलेलं. आमच्या शाळेचं फाटक म्हणजे दोन जांभ्या दगडाचे खांब आणि वर एक वाकलेली लोखंडी कमान. पण सर त्याखाली उभे राहिले की ती सरहद्द वाटे.

आमचं हायस्कूल मालवणपासून एस.टी.ने तासाभरावर, खाडीच्या तोंडाशी. मी तिथे मराठी आणि इतिहास शिकवायला लागलो तेव्हा जिल्हा नवा झाला होता आणि कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला होता. शाळेचा गणवेश पांढरा आणि खाकी. मुलींनासुद्धा खाकीच. शाळा काढली त्या वर्षी संस्थापकांना खाकी कापडाचा एक अख्खा गठ्ठा स्वस्तात मिळाला होता. मुलींना वेगळा रंग असावा, असं एका सभासदाने सुचवलं. गठ्ठा मोठा आहे, असं उत्तर मिळालं. शाळेच्या इतिहासात याला 'समानतेचे धोरण' म्हटलं आहे. तो इतिहास मीच लिहिला.

सर स्वतःही गणवेशात असत. पांढरा सदरा, खाकी पँट, बारा महिने. बाजारपेठेमागच्या एका खोलीत ते एकटे राहत आणि दोरीवर त्यांचे तीन पांढरे सदरे एका ओळीत वाळत. लग्न झालं नव्हतं. एकदा मुलगी बघायला गेले असताना त्यांनी खिशातून पट्टी काढून घरातल्या पडद्याला लावली, म्हणून ते मोडलं, असं गावात सांगतात. मला ते खरं वाटत नाही. पण हेडमास्तरांच्या वडिलांच्या अंत्ययात्रेत मी त्यांच्या शेजारी होतो. तिरडीवरचं कापड चिमटीत धरून ते हळूच म्हणाले, "मांजरपाट बारीक आसा. उजेड दिसता." त्या दिवशी पट्टी खिशातच राहिली. सरांना प्रसंगाचं भान नव्हतं असं म्हणता यायचं नाही.

त्यांच्याशी माझा वाद होता. मी कुडाळच्या बाजारपेठेत वाढलेला, चार पुस्तकं वाचलेला आणि मतं असलेला माणूस. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना मी म्हणे, "सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेने मुलाला शिकवावं. त्याने काय घालावं हे सांगायचा अधिकार तिला कुणी दिला? आणि सारखेपणा म्हणाल तर तो कुठे दिसतो? उलट सगळ्यांना एकच रंग दिलात की कुणाचा किती विटलाय हे लांबून कळतं. खाकीच्या छटेवरून मी सांगतो ती चड्डी किती भावांनी घातली."

सर कपाची कड पुसत. "तां माकापण कळता," ते म्हणत. "पण गणवेश काढा, आणि पेढीवाल्याचो झील सिल्कचो शर्ट घालून येवंदे. मग बाकीच्यांनी खंय बघूचा?"

"फळ्याकडे," मी म्हणे.

"तुमी बघलात असतात?" सर विचारत, आणि चहा संपलेला असे.

सरांना नवं कोरं कापड चालत नाही, हे गावाला ठाऊक होतं. नवा गणवेश घालून येणारं मूल हटकून परत जाई. "रंग काळो आसा. फिको करून घेवन ये." त्यामुळे जूनच्या आधी गावातल्या बाया नवे गणवेश पाणवठ्यावर नेत, सोड्यात भिजवत, जांभ्यावर आपटत आणि पत्र्यावर उन्हात तापत टाकत. कापडवाला विकतानाच सांगे, "वहिनी, दोन दिवस सोड्यात ठेवा, मग तोरसकरांका चालतलो." टेरिकॉट आल्यावर हाल वाढले, कारण टेरिकॉट विटत नाही. दुसऱ्या गावांत लोक कापड टिकावं म्हणून पैसे मोजत. आमच्या गावात नवं कापड घेऊन त्याचं वय वाढवत. याचं कारण कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला ते विनोदी वाटे आणि मी ते कुडाळला जाऊन रंगवून सांगत असे.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी रतन फाटकात आली. आठवीतली मुलगी, दांड्यावरच्या, म्हणजे वाळूतल्या मच्छीमार वाडीतली. तिचा बाप श्रावणात होडी उलटून गेला होता. प्रेत तिसऱ्या दिवशी आचऱ्याच्या बाजूला लागलं. सहामाहीपर्यंत ती जुन्या गणवेशात येत होती. त्याला ठिगळं लावायला जागा उरली नव्हती म्हणून तिच्या आईने दिवाळीच्या सुट्टीत नवा शिवला होता.

तो चमत्कारिक होता. पांढरा सदरा इतका जाड की खांद्यावर पत्र्यासारखा उभा राही. परकर तांबूस, गडद, आणि चालताना त्याचा आवाज येई. कमरेपाशी एक भोक होतं, रुपयाएवढं, दोऱ्याने कडेकडेने गच्च भरलेलं.

"हात लांब कर. फीर."

रतन फिरली. सरांनी पट्टी लावली. ते बराच वेळ बघत राहिले.

"जुळणा नाय," ते म्हणाले. "आणि ह्या भोक कसला?"

"आसा तसाच होता, सर."

"रंग काळो आसा. फिको करून घेवन ये."

ती परत गेली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा परकर ओला होता आणि तिच्या बोटांची सालं गेली होती. रंग होता तसाच होता.

"घासलंय, सर. जाणा नाय."

"सोड्यात घातलस?"

"घातलंय."

"दुसरा नाय काय घालूक?"

"नाय."

सरांनी तिला त्या दिवशी आत सोडलं, पण उद्या फिका करून आण म्हणून बजावलं. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, तो परकर पुन्हा तसाच आला. आता तिच्यामागे चाळीसेक मुलं खोळंबली होती आणि घंटा झाली होती. मला वाटतं, घंटेमुळे ते घडलं. सर कधी आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही. "सोमवारी जुळलो तर ये," ते म्हणाले, "नायतर येव नको."

मी हे शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीतून पाहत होतो. हातात चहा होता. या प्रसंगावर सरांना काय सुनवायचं याची चार वाक्यं मी मनात तयार करत होतो आणि ती चांगली जमत होती. फाटक माझ्यापासून तीस पावलांवर होतं.

सोमवारी रतन आली नाही. मंगळवारीही नाही. मी माझी चार वाक्यं सरांना ऐकवली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाले, "येतला. रतन हुशार चेडू आसा."

शाळेचा रौप्यमहोत्सव जवळ आला होता. संस्थेचे अध्यक्ष मुंबईला असत. त्यांचं पत्र आलं की शाळेचा उज्ज्वल इतिहास स्मरणिकेसाठी लिहून पाठवावा. हेडमास्तरांनी उज्ज्वलतेचं काम माझ्याकडे दिलं आणि जुन्या कपाटाची किल्ली हातात ठेवली. कपाटाच्या तळाशी पहिल्या वर्षाच्या ठरावांची फाइल होती. वाळवीने तिला का सोडलं होतं कोण जाणे. गणवेशाच्या ठरावाला एक कापडाचा तुकडा टाचणीने लावलेला होता. टाचणी गंजून कापडात मुरली होती. पंचवीस वर्षं त्याला ऊन, पाणी, घाम, खारा वारा काही लागलं नव्हतं.

तो तांबूस होता. गडद. ओल्या जांभ्याच्या धुळीसारखा.

मला काय झालं ते सांगतो. मला आनंद झाला. इतकी वर्षं ज्याच्याशी वाद घातला त्याला पुरता हरवणारा पुरावा हातात आल्याचा आनंद. रतन मला त्यानंतर आठवली.

मी फाइल शिक्षकांच्या खोलीत नेली आणि सरांसमोर उघडली. त्यांनी तुकडा पाहिला. मग खिशातून पट्टी काढून त्याच्याशेजारी ठेवली. एकाच गठ्ठ्यातले दोन तुकडे. सर नोकरीला लागले तेव्हा तो गठ्ठा संपत आला होता, त्यातूनच त्यांनी पट्टी कापून घेतली होती. बावीस वर्षं ती त्यांच्या छातीवरच्या खिशात रोज घामाने भिजली आणि रोज सकाळी फाटकातल्या उन्हात वाळली. आता तिचा रंग सुकलेल्या गवताचा होता. ती हळूहळू विटत गेली आणि तिच्यामागोमाग गाव आपले कपडे विटवत गेलं.

मी पुढच्या तासाला जाऊन परत आलो तरी सर त्या दोन तुकड्यांसमोर बसलेलेच. मग म्हणाले, "त्या चेडवाचो परकर..."

"हो," मी म्हणालो.

"बरोबर तोच एकटो होतो."

"हो."

"तुमी माझ्यावांगडा येश्यात?"

आम्ही शाळा सुटल्यावर दांड्यावर गेलो. वाळूतल्या वाटेने सर बूट हातात घेऊन चालत होते. मी त्यांना अनवाणी पहिल्यांदाच पाहिलं. रतनची आई घरासमोर बांगडे मीठ लावून टोपलीत रचत होती. आम्हाला पाहून तिने पदर सारखा केला आणि हात धुतले. ओट्यावर बसायला पाट टाकला. सर बसले नाहीत.

"रतन खंय आसा?" त्यांनी विचारलं.

"म्हमयेक गेला, सर. माझी नणंद इल्ली, ती घेवन गेली. एका घरात पोर सांबाळूक चेडू व्हया होता." तिचा आवाज साधा होता. तक्रारीचा नव्हता. "आठ दिस झाले."

"आणि शाळा?"

"शाळेत तुमी घेणा नाय म्हणान सांगला तेना."

सरांनी नजर दुसरीकडे वळवली. तिला वाटलं ते रागावले, म्हणून ती घाईने समजावू लागली. "मी तीन दिस घासलंय, सर. नदीवर नेलंय, सोडो घातलंय. रंग गेलोच नाय. ता शिडाचा कापड. ह्यांच्या होडयेचा. होडी गेली, शीड तेवडा गावला. सदऱ्याक तसाच वापरलंय आणि परकराक आइनाची साल उकळून रंग दिलंय, जाळ्यांक देतत तसो." ती थांबली. "समुद्रात जाणा नाय तो रंग, माझ्या हातान कसो जातलो?"

कमरेचं ते भोक शिडाची दोरी ओवायचं होतं.

"परकर आसा?" सरांनी विचारलं.

तिने टोपलीकडे बोट केलं. बांगड्यांवर माश्या बसू नयेत म्हणून परकर उसवून त्यावर पसरला होता. "जाड आसा," ती ओशाळून म्हणाली. "फुकट कित्याक घालवू?"

सर वाकले. फाइलमधला तुकडा त्यांनी सोबत आणला होता, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी तो टोपलीवरच्या कापडाला लावला. डोळे बारीक करायची गरज नव्हती. मी त्यांच्या शब्दाची वाट पाहत होतो, पण त्यांनी तो उच्चारला नाही. त्यांनी तिला मुंबईचा पत्ता विचारला. तिला ठाऊक नव्हता. मालाड किंवा मुलुंड, असं काहीतरी ती म्हणाली. नणंद चतुर्थीला येईल तेव्हा विचारून ठेवते म्हणाली. निघताना तिने सरांना केळीच्या पानात चार बांगडे बांधून दिले. सर मासे खात नसत. त्यांनी ते घेतले.

परत येताना, शाळेच्या चढणीवर, ते आपण होऊन बोलले. "लहानपणी माका आवशीन पोत्याचो सदरो शिवलेलो. पिठाच्या पोत्याचो. दुसरा कापड नव्हता. पाठीर गिरणीचा नाव छापलेला, मोठ्या अक्षरांनी. धुतला तरी जाय ना." ते थोडं हसले. "आमचे मास्तर गमती होते. वाचन शिकवताना माका वर्गाकडे पाठ करून उभो करीत. अर्धो वर्ग माझ्या पाठीर वाचूक शिकलो."

माझ्याकडे त्या वेळी वाक्यं नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला सर फाटकात होते. मुलं येत होती, हात पसरत होती, फिरत होती. सर म्हणत, "जा." खिशात पट्टी नव्हती. पण हे गावाला कळायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं बाया नवे कपडे जांभ्यावर आपटतच होत्या. सरांनी कापडवाल्याला सांगून पाहिलं की आता रंगाची अट नाही. तो म्हणाला, "मस्करी करतात तोरसकर सर," आणि गिऱ्हाइकाला सोड्याची पुडी दिली.

रौप्यमहोत्सव थाटात झाला. अध्यक्ष मुंबईहून दोन हार घालून घेण्यापुरते आले. समोर बसलेल्या, एकसारख्या विटलेल्या मुलांकडे बघून ते म्हणाले की, एका रंगात न्हालेलं हे बालवैभव बघून ऊर भरून येतो आणि या शिस्तीचे शिल्पकार तोरसकर सर यांनी व्यासपीठावर यावं. टाळ्या झाल्या. सर आले नाहीत. ते मागे, पाण्याच्या पिंपापाशी मुलांना पेले विसळून देत होते. माझ्या इतिहासातल्या 'समानतेचे धोरण' या शब्दांचं अध्यक्षांनी विशेष कौतुक केलं.

पुढच्या वर्षी चतुर्थीची सुट्टी लागायच्या दिवशी शाळा अर्ध्या वेळेची होती. मुलं उशिरा, पाय ओढत येत होती. सर फाटकात होते आणि मी, त्या वर्षापासून ती माझी सवय झाली होती म्हणून, त्यांच्या शेजारच्या खांबाला टेकून उभा होतो. बाजाराचा रस्ता फाटकासमोरून जातो. त्या रस्त्याने डोक्यावर टोपली घेऊन एक मुलगी आली. अंगात जांभळा सॅटिनचा फ्रॉक, गळ्याला झालर, कमरेला मोठा बो. मालकिणीच्या मुलीचा असणार. खांद्यात तो आखूड होता आणि काखेत उसवला होता.

ती रतन आहे हे मी ओळखलं तेव्हा ती फाटकापुढून गेलीसुद्धा होती. चार पावलं पुढे जाऊन ती थांबली. परत आली. टोपली खाली ठेवली. कमानीखाली येऊन तिने हात लांब केले आणि एक गिरकी घेतली. चेष्टा नव्हती ती. हसत नव्हती. पाय आपोआप वळावेत तशी ती वळली होती आणि आता हात पसरून उभी होती.

मागची मुलं थांबली. सरांचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. हात तिथेच, छातीवर राहिला.

"जुळता," सर म्हणाले.

मी वाट पाहिली. मागे आठवी ब मधल्या कुणीतरी श्वास रोखला. त्या शब्दापुढे काही आलं नाही.

सर बाजूला झाले आणि त्यांनी तिला आत जायला वाट करून दिली.

रतनने हात खाली घेतले. कमानीतून आत, पटांगणाकडे पाहिलं. मग टोपली उचलून डोक्यावर ठेवली.

"नाय सर," ती म्हणाली. "माका बाजारात जावचा आसा. बाईन चतुर्थीपुरतीच रजा दिल्यान."

ती गेली. घंटा झाली, मुलं आत पळाली. सर बाजूला सरकले होते ते तिथेच, खांबाला लागून, वाट मोकळी सोडून उभे होते.